नानांचा नेम

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. चौथीत शाळा सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण शेजारच्या नानांविषयी लिहायचंच आहे.

आमच्या निरगुडसरमध्ये कुणी उभ्यानं पाणी प्यायलं तरी नाना म्हणणार, "बसून पी. सरकारी नेम हाय." पंचायत समितीत शिपाई होते. नाना रिटायर झाले, नेम झाला नाही.

कचऱ्याच्या गाडीवर कर्णा वाजतो, "ई-कचरा वेगळा द्या." बायका नाक मुरडून म्हणतात, "ई! कचरा!" नाना भडकतात. "ज्या टीव्हीफुडं जेवलीस त्याला ई म्हनतीस व्हय? अहो-कचरा म्हन!"

मी तेव्हा भंगारातल्या वायरी परसात जाळून तांबं विकायची. त्यावर मीठमिरची चालायची आणि छातीत शिट्टी वाजायची. एकदा नाना कुंपणावरून ओरडले, "इझव ते! वायर जाळायला बंदी हाय!"

"मग खाऊ काय?" मी पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी नाना पैसे घेऊन दारात. "वायर न जाळनाऱ्या बायांना सरकार भत्ता देतं. दर म्हैन्याला."

मी जाळणं सोडलं. भत्ता येत राहिला. पुढं मंचरला ई-कचऱ्याचं केंद्र निघालं, तिथं नानांनीच मला चिकटवलं. तिथल्या मॅडमना म्हणाले, "ही बोलत न्हाई. पन स्क्रू हिचं ऐकत्यात."

पहिला पगार झाल्यावर मी धीर करून मॅडमना म्हटलं, "आता भत्ता बंद करा." मॅडम हसल्या. "जाळायला बंदी आहे हो, सरकारचा भत्ता कुठला?"

संध्याकाळी नानांकडं गेले. एकटेच मिठाशी भाकरी खात होते.

"नाना, पेन्शन व्हती ना ती तुमची?"

"पेन्शन कोन देतं? सरकार. मंग भत्ता सरकारचाच की!"

मी परतफेडीचा हट्ट धरला. नानांनी लगेच नवा नेम काढला, "हप्ता हातात आनून द्यायचा. च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई." पहिल्या हप्त्याला गेले तर चहाला नवा कप होता. घरात तोवर एकच होता म्हणे. चहा इतका गोड की ओठ चिकटावेत. छातीतली शिट्टी थांबलीय, ती कुणामुळं हे मला ठाऊक आहे. म्हणून कधी साखर कमी घाला म्हटलं नाही.

काल शेवटचा हप्ता दिला. नाना नोटा हातात धरून बसले.

"फुडल्या म्हैन्याला येशील का?" त्यांनी विचारलं. नेमाचं नाव काढलं नाही.

"येईन की."

मग त्यांनी थुंकी लावून नोटा मोजल्या आणि म्हणाले, "फिटलं समदं."