आमचा टीव्ही लय खोल

दस्तगीरचाचांच्या हातात रिमोट दिला की ते आधी तो कानाला लावायचे. डोळे मिटून त्याच्या पाठीवर बोटानं दोनदा टिचकी मारायचे आणि मान हलवून म्हणायचे, "हां. जीव हाय." आता टीव्हीच्या रिमोटला कसला आलाय आवाज? पण चाचांना ते सांगणार कोण? मिरजेतल्या आमच्या गल्लीत सात-आठ घरांत टीव्ही होते आणि झाडून सगळ्यांचे रिमोट चाचांच्या हाताखालून गेलेले.

ही नव्वदीच्या शेवटाकडची गोष्ट. टीव्हीबरोबर आलेले रिमोट तोवर पडून, आपटून, पोरांनी चघळून संपले होते. मग बाजारात तो कुठल्याही टीव्हीला चालणारा रिमोट आला. चालणारा म्हणजे आपोआप नव्हे बरं का! आधी त्याची आणि आपल्या टीव्हीची ओळख करून द्यावी लागे. एक बटण लाल दिवा लागेपर्यंत दाबून धरायचं, मग तीन आकडे दाबायचे, मग टीव्ही बंद करायचं बटण दाबून बघायचं. टीव्ही बंद पडला तर आकडा बरोबर. नाही पडला तर पुढचा आकडा. कुठल्या टीव्हीला कुठला आकडा हे सांगणारा एक कागद रिमोटच्या खोक्यात असे. आमच्या कागदाची सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मिश्रीची पुडी बांधली.

बरं, एकदा ओळख झाली की झालं, असंही नाही. सेल काढले की रिमोट सगळं विसरायचा. आणि आमच्या घरात सेल सारखे निघायचे, कारण सासूबाई ते वाळवायच्या.

"उनात ठिवलं की आठ दिस जास्त चालत्यात," त्या म्हणायच्या. "फुकटचं ऊन हाय, वाया कशाला घालवायचं?"

गच्चीवर कुरडया, कुरडयांच्या शेजारी दोन सेल. संध्याकाळी सेल रिमोटमध्ये परत जायचे, पण रिमोट कोरा झालेला. मग मी खिडकीतून हाक मारायची, "आवं चाचा, विसरला बघा पुन्हा!"

चाचा यायचे ते पाहुण्यासारखे. धुतलेला पांढरा सदरा, टोपी, गळ्यात दोरी बांधलेला चष्मा. खुर्ची दिली तर नको म्हणायचे. "खुर्चीत बसून सूर लागत न्हाई, वैनी. चटई टाका." चटईवर मांडी घालायचे, मांडीवर रुमाल, रुमालावर रिमोट. मग घरातल्या सगळ्यांना पुढ्यात बसवायचे. "कुणी उठू नगा. बघणारं माणूस उठलं की माझा हात चुकतो."

आणि शून्य-शून्य-एकपासून सुरुवात. प्रत्येक आकडा मोठ्यानं बोलायचे. "सतरा. न्हाई. अठरा. न्हाई." आम्ही सगळे पडद्यावरच्या मुंग्यांकडे टक लावून. मध्येच गप्पा, मध्येच चहा. शंभराचा आकडा आला की दुसरा चहा. हे माझ्याकडे डोळे वटारायचे, कारण बातम्या गेलेल्या असायच्या. शेवटी दोनशेच्या पुढं कधीतरी फट्‍कन टीव्ही बंद पडायचा आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो. टीव्ही बंद पडल्यावर टाळ्या वाजवणारी माणसं तुम्ही कुठं बघितलीयत का? आमच्या घरी बघायला मिळायची.

"तुमचा टीव्ही लय खोल हाय, वैनी," चाचा कौतुकानं म्हणायचे. "असा टीव्ही नशिबानं मिळतो."

कोपऱ्यावरच्या शकूताईंचा टीव्ही आमच्यापेक्षा महागाचा. पण तो नवव्याच आकड्याला बंद पडायचा. चाचा तिथून पाच मिनिटांत बाहेर, तोंड पाडून. "उथळ हाय," एवढंच म्हणायचे. शकूताई महिनाभर चिडून होत्या. "एवढा पैसा ओतून घेतलाय आणि हा माणूस उथळ म्हणतोय!"

मी एकदा म्हटलं, "चाचा, आमचा आकडा लिहून ठेवा की कुठंतरी. तुमचा त्रास वाचेल."

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी चहात मीठ घातलंय. "लिवून ठेवलेला सूर कवा लागलाय का? दर खेपंला ऐकूनच लावायचा आसतो. घाई केली की जवारी बिगडती."

ही जवारी म्हणजे त्यांच्या जन्माचा धंदा. चाळीस वर्षं ते तंबोऱ्याच्या कारखान्यात कारागीर होते. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, ती घोडी कानानं ऐकत ऐकत, केसाएवढी घासत न्यायची, तार नुसती न वाजता गुंजायला लागेपर्यंत. ते जवारीचं काम. पुढं चाचांची नजर मंदावली, आणि त्याच सुमाराला तंबोऱ्याचं इलेक्ट्रॉनिक खोकं आलं. बटण दाबलं की दिवसभर गुंजत राहतं. चाचा घरी बसले. बायको आधीच गेलेली, मुलगा पुण्याला कारखान्यात. तंबोऱ्याच्या खोक्यानं घरी बसवलेला माणूस टीव्हीच्या खोक्याशी खेळत बसतो म्हणून गल्ली हसायची. मीही हसायची. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी सव्वीस जानेवारीला माझा फौजेतला भाचा संतोष दिल्लीच्या संचलनात चालणार होता. पलूसहून माझी भावजय सुमन पहिल्या एसटीनं आली. संतोषची आई ती. दोन वर्षं पोराला रजा मिळाली नव्हती. तिनं येताना त्याच्यासाठी केलेले लाडू आणले होते. "तो टीव्हीत दिसंल, तवा पुढ्यात ठेवीन," म्हणाली. मी हसले नाही.

टीव्ही लावला, तर मुंग्या. आमच्या टीव्हीची स्वतःची बटणं कधीच आत गेलेली. मुंग्या घालवून दिल्ली आणायची तर रिमोटच लागे. मी रिमोट दाबला. ढिम्म. मागं वळून सासूबाईंकडे बघितलं.

"काल ऊन लय चांगलं पडलं हुतं," त्या हळूच म्हणाल्या.

मी अनवाणीच धावले. चाचा आले, तेही सदऱ्याची बटणं लावत लावत. चटई टाकली, रुमाल अंथरला. शेजारच्या घरातून बँडचा आवाज यायला लागला होता. तिथं जाऊन बसावं, तर त्यांचा दिवाणखाना आधीच माणसांनी गच्च, दारातसुद्धा पाय ठेवायला जागा नाही.

"शून्य-शून्य-एक," चाचा म्हणाले.

सुमन लाडवांचा डबा मांडीवर घेऊन मुंग्यांकडे बघत राहिली, जसं काही त्या मुंग्यांतच कुठंतरी पोरगं उभं आहे.

चाचांचं बोट थांबलं. त्यांनी सुमनकडं बघितलं, मग डब्याकडं. मग रिमोट कानाला न लावता, आकडा न बोलता, पटापट तीन बटणं दाबली. दोन, एक, चार. टीव्ही बंद पडला, लगेच पुन्हा चालू झाला, आणि चाचांनी दिल्ली आणून दिली.

घरात आरडाओरडा. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. टोप्यांची रांगच्या रांग निघाली होती, सगळी पोरं एका साच्यातली. सुमननं तिसऱ्या ओळीतला एक निवडला आणि डबा उघडून पुढं धरला. "वाळलाय की गं," म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. तो संतोष होता की आणि कुणाचा मुलगा, देव जाणे.

मी चहा घेऊन आले तोवर चटई रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी राहिलेले दोन लाडू घेऊन मी चाचांकडं गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गेले. नेहमी तेच यायचे ना आमच्याकडे! आत बघते तर एक खाट, एक स्टो, भिंतीशी तंबोऱ्याचे दोन भोपळे. टीव्ही नव्हताच. गल्लीभरचे टीव्ही लावणाऱ्या माणसाच्या घरी टीव्ही नव्हता.

"चाचा, आकडा तुम्हाला ठाऊक होता," मी म्हटलं.

त्यांनी लाडू हातात घेतला. म्हणाले, "सगळ्यांचे ठावं हायत. पाठ हायत."

"मग दर वेळी एकपासून कशाला?"

"वैनी, आमी जवारी काढायचो तवा गाणारी माणसं लांबनं यायची. हुबळीवरनं, पुण्यावरनं. दोन-दोन दिस पुढ्यात बसून ऱ्हायची. तार कवा बोलंल म्हणून वाट बघत. मी त्यास्नी ऊठ म्हटलं तरी उठायची न्हाईत." त्यांनी लाडवाचा एवढासा तुकडा मोडला. "दोनशे चौदा एकदम दाबला, की दोन मिंटात मी दाराभाईर. माझ्या पुढ्यात बसतंय कोण मग?"

"लाडू खावा," एवढंच म्हटलं आणि आले.

त्यानंतर चाचा दिसेनात. दहा-बारा दिवस झाले. त्यांना वाटत असावं, मी गल्लीत सांगितलं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनासुद्धा नाही. आकडा मला ठाऊक झाला होता, सातवी शिकलेल्या बाईला तीन बटणं दाबणं काही जड नव्हतं. एका दुपारी मी रिमोटचं झाकण काढलं, दोन्ही सेल काढून गच्चीवर कुरडयांच्या शेजारी ठेवले. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. "आता आली अक्कल," म्हणाल्या.

संध्याकाळी खिडकीतून हाक मारली, "आवं चाचा, विसरला बघा!"

बऱ्याच वेळानं आले. धुतलेला सदरा, टोपी. दारातच उभे. मी चटई टाकली आणि स्वतः पुढ्यात बसले. "एकपासून बघा हं, चाचा. आज कुणाला घाई नाही."

चाचांनी खिशातनं रुमाल काढून झटकला. मग बसले. रिमोट कानाला लावला, टिचकी मारली. "जीव हाय," म्हणाले.

एक झाला, दोन झाला. पहिला चहा झाला, शंभरावर दुसरा झाला. बाहेर अंधारून आलं. चाचा बोलत होते, कुठल्याशा बाईंच्या तंबोऱ्याची तार तीन दिवस कशी रुसली होती ते. मी ऐकत होते. मुंग्या चालल्या होत्या.

"दोनशे बारा. न्हाई." चाचांनी चष्मा सारखा केला. "दोनशे तेरा. न्हाई."

चाचांनी बोट उचललं, थोडं थांबवलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले,

"दोनशे पंधरा."

मी उठले आणि तिसऱ्या चहाचं आधण ठेवलं.