क्वास्ट यांचे सहाव्या भागाची मोहीम

सकळ श्रोतेजन सावध असावें. वेझर नदीचे तीरीं मिंडेन नामें शहर, तेथील खासे हेरिबर्ट क्वास्ट, रहस्यश्रुतिकांचे कर्ते, यांणीं सन एकोणीसशें एकसष्ट, माहे नोव्हेंबर, या समयीं जो पराक्रम केला त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहितों. पदरचें कांहीं घालीत नाहीं. घातलें असल्यास कबूल करणार नाहीं.

क्वास्ट मूळचे आगविम्याचे कचेरींतील कारकून. कोणाचें कोठार जळालें म्हणजे तें आपोआप जळालें कीं मालकानेंच पेटविलें, याचा तपास करावयाचा, ऐसी अकरा वर्षें चाकरी केली आणि खोटें बोलणारा कोणत्या शब्दापाशीं अडखळतो तें कानांत सांठविलें आणि मग एके दिवशीं राजीनामा देऊन नभोवाणीकरितां खून लिहूं लागले. तेणेंकरून सासूबाई, मातुश्री आडेलगुंडे पीपेनब्रिंक, वय वर्षें अठ्ठ्याहत्तर, बहुत खट्टू जाहल्या. जांवई विमा सोडून मुडदे पाडतो, ऐसें आल्यागेल्यास ऐकवूं लागल्या.

सात श्रुतिका जाहल्या, नांव जाहलें. आठवी सहा भागांची होती: औषधविक्या बाल्डुइन यास कॉफींतून विष कोणीं घातलें? रविवारीं सायंकाळीं प्रक्षेपणाची घंटा वाजतांच रस्ते ओस पडत आणि खाणावळींत वाढपी थाळी हातांत घेऊन रेडिओपाशीं खिळून राहत. पांच भाग येणेंप्रमाणें गेले. दर भागास नवा संशयित: भागीदार, पाद्री, विधवा, नोकराणी, पुतण्या. सहाव्यांत खुनी सांपडावयाचा. मुलूख श्वास रोखून बसला आणि येथेंच मोठा अनर्थ होता. खुनी कोण हें खुद्द क्वास्ट यांस ठाऊक नव्हतें. हें गुपित त्यांचें कुटुंब रोसविठाबाई यांखेरीज कोणास विदित नव्हतें.

इतक्यांत नाट्यविभागाचे अधिपती डॉक्टर ल्यूडेके यांचें फर्मान तारेनें आलें कीं, शुक्रवारीं दोन प्रहरांपावेतों कागद दाखल व्हावे. न जाहल्यास रविवारीं त्या वेळेस अकॉर्डियनवादन लाविलें जाईल, आणि पुढील सालचा करार रद्द समजावा. क्वास्ट यांणीं तार वाचिली आणि विम्याचे कचेरीचा हिरवट रंगाचा दरवाजा त्यांचे डोळ्यांपुढें उभा राहिला.

मग शहरानें वेढा घातला. पाववालीनें गरम पावांची लालूच दाखविली. पाद्रीसाहेबांनीं आपण यांत निर्दोष आहों कीं नाहीं एवढेंच कळावें, ऐसी अर्जी केली. दंतवैद्य फॉसलर यांणीं तर क्वास्ट खुर्चीवर आ वासून पडले असतां फिरतें यंत्र दाढेपाशीं आणून सांगितलें, “नाव सांगा, लगेच थांबवतो.” क्वास्ट यांणीं मौन धरिलें. दाढ गेली, परंतु नांव फुटलें नाहीं. अवघ्या शहरांत दुमदुमलें कीं ऐसा निधड्या छातीचा लेखक दुसरा नाहीं.

रोसविठाबाई गालावर शेक देतां देतां म्हणाल्या, “ठाऊक असतं तर पहिल्या मिनिटाला बोलला असतास.”

गुरुवारीं दुपारीं मातुश्रींकडील कॉफीचें बोलावणें आलें. टाळणें शक्य नव्हतें. सफरचंदाचा केक मांडिला होता, शेजारच्या दोघी बायका खुर्च्या पुढें ओढून बसल्या होत्या. मातुश्रींनीं तोफ डागिली.

“काय हो जावईबापू, एवढं काय दडवताय? ती विधवाच ना?”

“कशावरून म्हणता?”

“तिसऱ्या भागात ती पोलिसाला सांगते, नवरा अवचित घरी आला, म्हणून मी सोनेरी काठाचे कप काढले. अवचित आलेल्या नवऱ्याला कुणी सोनेरी काठाचे कप काढतं? मी चाळीस वर्षं संसार केला, एकदाही नाही काढले! तिला ठाऊक होतं तो येणार ते.”

“पण मग चांगले कप कशाला?”

“अहो, शेवटची कॉफी होती त्याची. तेवढी माणुसकी होती बाईत.”

क्वास्ट यांचा चमचा हवेंत राहिला. ते कप त्यांणीं निव्वळ पातळ चिनी मातीचा किणकिणाट माइकवर गोड येतो म्हणोन लिहिले होते. केक तैसाच टाकून, टोपी विसरून, ते घराकडे धांवत सुटले. त्यांणीं सांगावें आणि रोसविठाबाईंनीं टंकयंत्र बडवावें, ऐसें दिवेलागणीपर्यंत चौतीस पानांचें युद्ध जाहलें. शुक्रवारीं सकाळची गाडी धरून स्वारी नभोवाणींत पोंचली आणि बारास पांच कमी असतां कागद ल्यूडेके यांचे मेजावर ठेविले.

रविवारीं मातुश्रींचे दिवाणखान्यांत अर्धी गल्ली जमली. विधवेनें कबुलीजबाब दिला. कपांचें नांव निघतांच सर्वांच्या माना मातुश्रींकडे वळल्या.

त्या म्हणाल्या, “सांगितलं नव्हतं मी? फार सोपं लिहिता हो तुम्ही. विम्यातच बरे होता.”

क्वास्ट यांणीं हा वार सोसिला. वाटलें, गप्प राहावें. कीर्ति शाबूत आहे. परंतु अकरा वर्षें दुसऱ्यांच्या लबाड्या ऐकलेला मनुष्य, स्वतःचे लबाडीचा आवाज त्यास सोसेना. मंडळी पांगल्यावर ते म्हणाले, “आई, मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही सांगितलंत, म्हणून लिहिलं.”

“म्हणजे? पाच भाग झाले, आणि खुनी ठरलाच नव्हता?”

“नाही.”

मातुश्रींनीं रुमाल तोंडास लाविला, खांदे हलूं लागले. क्वास्ट घाबरे जाहले, म्हातारी रडते कीं काय. ती हंसत होती. हंसतां हंसतां डोळे पुसोन तिनें पुसिलें, “पुढचा मुडदा कोणाचा?”

“अजून ठरवलं नाही.”

“मग महापौराचा पाड. कुणाला फारसं वाईट वाटणार नाही. आणि विष कॉफीत नको, आता सगळे हुंगून पितील.” चौदा वर्षांत प्रथमच त्यांणीं जांवयास एकेरी हांक मारिली, आणि स्वतःचे हातें कप भरिला.

तदनंतर एकोणीस श्रुतिका जाहल्या, पैकीं बारांत खुनी मातुश्रींनीं नेमिला, आणि महापौर दरसाल मातुश्रींचे वाढदिवसास जातीनें पुष्पगुच्छ घेऊन हजर होऊं लागले. रविवार, एकोणीस नोव्हेंबर, रोजीं सायंकाळीं क्वास्ट यांची फत्ते जाहली, आणि तींत सासूबाईंचा हिस्सा मोठा होता, हें खुद्द क्वास्ट यांचे कबुलीवरून येथें नोंदिलें असे.