प्रस्थानात अडकलेल्या सुया

"विणता येतं हे सासरी कोणाला सांगू नकोस," लग्नाआधी आईने नांदेडच्या स्वयंपाकघरात त्रिवेणीला बजावलं होतं. "पोळ्या येतात म्हण, शिवण येतं म्हण. गाणं येतं म्हटलंस तरी चालेल. विणकामाचं तोंडातून काढू नकोस. लोकर दिसली की माणसं छाती पुढे काढून माप द्यायला उभी राहतात."

त्रिवेणी हसली होती. एम.ए. झालेल्या मुलीने असल्या गोष्टींना घाबरायचं? शिवाय ती चालली होती हैदराबादला. तिथे थंडी वर्षातून पंधरा दिवस पाहुणी येते आणि तेव्हाही पंखा बंद करायचा की नाही यावर घरात दोन मतं असतात. तिथे स्वेटर मागणार कोण?

मागणार कोण, हे तिला अठ्ठ्याण्णव साली कळलं. त्या वर्षी तिच्या सासरच्या मोहल्ल्यात, गौलीगुड्यात, दर तिसऱ्या घरातला मुलगा अमीरपेटला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स करत होता आणि कोर्स संपला की अमेरिकेला निघत होता. दोन हजार साल उजाडताच जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार होते आणि ते दुरुस्त करायला गौलीगुड्यातली मुलं हवी होती. अमेरिकेत थंडी असते, एवढं सगळ्यांना माहीत होतं. आणि विणता येणारी बाई एकच होती.

पहिला नंबर लावला पद्माआत्यांनी. या तिच्या नवऱ्याच्या, विवेकच्या, सख्ख्या आत्या, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या. त्यांचा हर्षवर्धन न्यू जर्सीला निघाला होता.

"फुल बाह्यांचा कर," आत्या लोकरीची पिशवी टेबलावर ओतत म्हणाल्या. "तुला काय, दुपारभर वेळच वेळ असतो."

त्रिवेणीच्या डोक्यात पहिली ठिणगी पडली ती या वाक्याने. दुपारभर नाही, दुपारी दोन ते तीन. सात महिन्यांची लेक मृण्मयी झोपलेली, भांडी घासून झालेली, विवेक बँकेत. लोकरीचा गुंडा पळू नये म्हणून स्टीलच्या डब्यात टाकायचा आणि दहा नंबरच्या सुया हातात घ्यायच्या. कॉलेजच्या वसतिगृहात असताना घेतलेल्या त्या पोलादी सुया आता तिच्या बोटांना ओळखत होत्या. दोन सुलट, दोन उलट. बाकी दिवसभर तिच्या डोक्यात मृण्मयीचा डोस, मृण्मयीचं वजन, मृण्मयीने तोंडात घातलेलं बटण, पाणी उकळलं की नाही, असं सगळं एकदम वाजत असे. विणताना एका वेळी एका टाक्याचीच काळजी करावी लागे. ओळ संपली की सुई या हातातून त्या हातात. चोवीस तासांत तेवढा एक तास तिचा होता.

त्या तासात मृण्मयीचं पिवळं झबलं होत होतं. त्रिवेणीने त्याचे टाके सुयांवरून काढून पायजम्याच्या नाडीवर घेतले, झबलं कपाटात ठेवलं आणि हर्षवर्धनचा स्वेटर सुरू केला. मार्च, एप्रिल, मे. बाहेर डांबर वितळत होतं आणि त्रिवेणीच्या मांडीवर दीड किलो निळी लोकर होती.

मे महिन्यात, एका बुधवारी सकाळी, पद्माआत्या गुरुजींकडून थेट रिक्षाने येऊन धापा टाकत दारात उभ्या राहिल्या. हातात सुपारी, रुपया, हळकुंड आणि पिवळा रुमाल.

"हर्षचं प्रस्थान ठेवायचंय तुझ्याकडे. गाडी शनिवारची, पण शनिवारी मुहूर्त नाही. आजचा आहे. निघण्याआधी अंगावरचं एक वस्त्र दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवलं, की माणूस मुहूर्तावर निघाला असंच धरतात. चल, पाट मांड."

"वस्त्र कुठंय?"

आत्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग गल्लीच्या टोकाकडे. "अगं बाई! शर्ट रिक्षात राहिला!"

"घरून दुसरा आणा."

"दहा चाळीस झाले! अठ्ठेचाळीसला मुहूर्त संपतो!" आत्यांची नजर खोलीभर भिरभिरली आणि त्रिवेणीच्या मांडीवर थांबली. त्या सकाळी मृण्मयी लवकर झोपली म्हणून त्रिवेणी डावी बाही विणत बसली होती. "हा हर्षचाच ना?"

"हा अर्धवट आहे! आत्याबाई, ओळ तरी पुरी करू द्या, सत्तावीस टाके..."

"टाके कुठे पळून चालले? मुहूर्त चाललाय!"

आणि आत्यांनी तो हातातून ओढून घेतला. ओळीच्या मधोमध. विणणाऱ्या माणसाला हे काय असतं, ते विणणाऱ्यालाच कळेल. तोंडातला घास काढून घेतलेला परवडतो. सत्तावीस टाके एका सुईवर, सत्तावीस दुसऱ्या सुईवर, दोन्ही सुया त्यातच. त्यावर हळद, सुपारी, रुपया. पिवळ्या रुमालाची गाठ बसली तेव्हा दोन पोलादी टोकं शिंगांसारखी बाहेर आली होती.

"आता याला हात नाही लावायचा," आत्या म्हणाल्या. "हलवायचं नाही, सोडायचं नाही. हर्षच येऊन उचलेल आणि इथूनच पुढे जाईल. परत घरी नेलं की गेलं सगळं."

"आणि माझ्या सुया?"

"तीन दिवस दम धर. लोकांची मुलं समुद्रापार चाललीत, आणि हिला सुयांची पडली."

पाट जमिनीवर होता. मृण्मयी आठवड्यापूर्वीच रांगायला लागली होती. नऊ महिन्यांचं मूल पाटापर्यंत रांगत आलं तर त्याचे डोळे नेमके कुठे येतात, हे त्रिवेणीने पट्टीने मोजलं. संध्याकाळी विवेक आला तेव्हा दोन्ही टोकांना एकेक बटाटा खोचलेला होता.

"हे काय?"

"तुमच्या आत्यांचं प्रस्थान."

विवेक हसला. ती त्याची त्या दिवसातली मोठी चूक. दुसरी त्याने लगेच केली. "दुसऱ्या सुया आण ना मग. सुलतान बाजारात ढीग पडलेत."

"उद्या आत्याबाईंनी तुमची स्कूटर प्रस्थानाला ठेवली की मीही म्हणेन, बसचा ढीग पडलाय."

शुक्रवारी हर्षला अमेरिकेला पाठवणाऱ्या कन्सल्टन्सीवाल्याचा फोन आला. तिकीट पुढच्या आठवड्यात. त्रिवेणीने आत्यांना गाठलं. "मग हे सोडा. बाही पूर्ण करते, पुन्हा ठेवा."

"नक्को! प्रस्थान पाच दिवस चालतं."

पाच दिवस झाले. तिकीट नाही.

"राजाला दहा दिवस चालतं," आत्यांनी पंचांग उघडून दाखवलं.

"हर्ष राजा कधी झाला?"

"डॉलरमधे पगार आहे त्याचा. राजाला तरी होता का?"

रोज दोन वाजता मृण्मयी झोपे आणि त्रिवेणी त्या पाटासमोर हात चोळत बसे. सुलतान बाजारातून आणलेल्या नव्या सुया बोटांत किरकिरत होत्या. नंबर दहाच, पण वीण सैल पडत होती आणि झबल्यावर नव्या-जुन्या विणीची रेघ उमटत होती. दोनदा उसवून तिने त्या सुया डाळीच्या डब्यामागे फेकल्या. आता ती दुपारी वर्तमानपत्र वाचू लागली, आणि त्यात लहान मुलांच्या आजारांशिवाय काही नसे. मृण्मयीचा ताप दिवसातून सहा वेळा बघितला जाऊ लागला. ताप नसायचा. याचाही राग ती आत्यांवर काढत होती, आणि तो राग जागच्या जागी होता.

दहाव्या दिवशी एका बटाट्याला कोंब आला.

"आता बास!" ती म्हणाली. "सोडते मी."

"खामखा परेशान होऊ नको," आत्या शांतपणे म्हणाल्या. "गुरुजींना विचारलंय. दहा दिवस झाले की प्रस्थान एक घर पुढे न्यायचं. पश्चिमेला. बेगम बाजारात आपले एकनाथराव आहेत."

म्हणजे सुया आता घरातूनही निघाल्या. हर्षवर्धन येऊन गाठोडं उचलून घेऊन गेला. पंचवीस वर्षांचा उंच पोरगा, खांदे पाडून. "वहिनी, लाइट घ्या ना, मनावर नका घेऊ," तो पुटपुटला. त्रिवेणीने फक्त बटाटे काढून घेतले.

एकनाथराव मिरचीचे ठोक व्यापारी. जागा कुठली, तर गोदामातली. प्रस्थान नऊ दिवस सुक्या मिरचीच्या पोत्यांवर बसून राहिलं, आणि दहाव्या दिवशी तिकीट आलं. नामपल्लीहून दुपारची मुंबईची गाडी, तिथून विमान.

निरोप द्यायला सगळे थेट गोदामातच जमले. दारात दोन रिक्षा, सामान बांधलेलं. आत्यांनी हर्षच्या हातावर दही ठेवलं, तो आत गेला, पोत्यावरून गाठोडं उचललं आणि शिंकला.

"थांब!" आत्या किंचाळल्या. "निघताना शिंक! बस. पाणी पी."

तो बसला. पाणी प्यायला. उठून गाठोडं उचललं. शिंकला.

"बस!"

असं सहा वेळा झालं. गाडीला पाऊण तास राहिला. हर्षचे डोळे लाल, नाक वाहतंय, गाठोड्यातून प्रत्येक वेळी तिखटाचा लोट उठतोय.

"ताई, शिंकेला अपशकुन मानायचं तर मला दुकानच उघडता येणार नाही," एकनाथराव म्हणाले.

"तुमचं वेगळं! तुम्ही अमेरिकेला नाही चाललात!"

सातव्या शिंकेला त्रिवेणीने मृण्मयीला विवेकच्या हातात कोंबलं. "पुरे झालं! त्याची गाडी चुकली तर तुमचा तो राजा अमीरपेटला परत जाईल! बाजूला व्हा!" तिने गाठोडं हिसकावलं, हर्षला दंडाला धरून पहिल्या रिक्षात ढकललं आणि स्वतः शेजारी बसली. "अगं, हात लावलास!" हे आत्यांचं वाक्य धुरात राहिलं.

रिक्षा वळली तशी तिने नाकाला पदर लावून रुमालाची गाठ सोडली आणि स्वेटर बाहेर धरून दोनदा झटकला. मागच्या रिक्षातून आत्यांची खणखणीत शिंक ऐकू आली. त्या शिंकेवर पंचांगात काय उपाय आहे, हे पुढेही कोणी विचारलं नाही.

सुया हातात आल्या. वीस दिवसांनी. मोअज्जम जाही मार्केटच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा ती उरलेले सत्तावीस टाके विणत होती, दात ओठ खाऊन. पर्समधे नाडी तयार होती. ओळ संपली की टाके नाडीवर घ्यायचे, सुया काढायच्या, स्वेटर याच्या गळ्यात मारायचा.

ओळ संपली. तिने मान वर केली. हर्ष तिच्या हातांकडे बघत होता. त्याच्या मांडीवरच्या पासपोर्टची कड त्याने बोटाने खरवडून पांढरी केली होती.

"तिथं आम्ही नऊ जण एका फ्लॅटमधे राहणार म्हणे," तो म्हणाला. "आईला चार सांगितलेत. प्रोजेक्ट तिथं गेल्यावर मिळणार."

"मिळणार म्हणजे? आत्ता नाहीये?"

"मिळतं, वहिनी. सगळ्यांना मिळतं."

त्रिवेणीला इतका राग आला, की नक्की कोणाचा ते तिला ठरवता येईना. तिने नाडी पर्समधे परत कोंबली. "इकडे बघ! मी काय तुझी नोकर आहे सगळं करून द्यायला? बाही तुझी तू पूर्ण कर. हा सुलट. आता तू घाल. अरे ढ, दोरा मागून!"

"सुलट म्हणजे एक, उलट म्हणजे शून्य. मग हे तर सोपं आहे."

"काही सोपं नाहीये. हळू घाल."

नामपल्ली येईपर्यंत त्याने एक वेडीवाकडी ओळ विणली. सुया, उरलेली लोकर, सगळं तिने त्याच्या बॅगेत टाकलं.

जूनमधे कळलं की न्यू जर्सीतही उन्हाळा असतो. हे आधी कोणी बघितलंच नव्हतं. आत्यांना त्याचं काही नाही. हर्षचा दर रविवारी फोन येतो, प्रोजेक्ट जोरात आहे, पोरगा दिवसाला चौदा तास काम करतो, असं त्या भाजीवालीलाही सांगतात.

त्रिवेणीला त्याचे फोन वेगळे येतात, मधल्या वारी. पहिला आला, "वहिनी, बाही झाली, टाके बंद कसे करू?" आठवड्याने दुसरा. उरलेल्या लोकरीचा मफलर विणला म्हणाला, सहा फुटांचा. तिने विचारलं, किती टाक्यांचा? साठ. फोन ठेवून ती हिशेब करत बसली. साठ टाक्यांचा सहा फूट मफलर, दहा नंबरच्या सुयांवर, नवशिका हात. चौदा तास काम करणाऱ्याला तो आठवड्यात होत नाही. तिचे स्वतःचे तीन महिने जातील. परवाचा तिसरा फोन. लोकर संपली म्हणून मफलर उसवला आणि पुन्हा विणतोय, म्हणाला. आता तिसऱ्यांदा. हसत होता.

आत्यांना हे सांगायची तिची हिंमत नाही. विवेकला सांगितलं तर तो म्हणाला, छंद लागला, चांगलंच आहे. तिने त्याच्यासमोरचं ताट उचलून नेलं.

म्हणून ती तुम्हाला विचारते आहे. तुमचं कोणी न्यू जर्सीत असेल, एडिसनच्या बाजूला, तर एकदा त्याला बघून यायला सांगा. हर्षवर्धन, उंच आहे, खांदे पाडून चालतो. जेवतो का बघा, इतर आठ जण कामावर गेले की खोलीत एकटाच असतो का बघा. फोन करू नका. फोनवर तो छान बोलतो. जाऊन बघा.