मी सांगतो तसंच कर!

"संध्याकाळचं काय घेऊन बसलीस? दुपारच्या चहाच्या आत मशीन चालू करून देतो!" नवरोबा छाती पुढे काढून बायकोला म्हणाले.

तिचं नावाच्या पाट्या कोरण्याचं दुकान. ज्या मास्तरांनी तिला हे काम शिकवलं, ते नुकतेच गेले होते. बागेतल्या त्यांच्या नेहमीच्या बाकावर त्यांची सही कोरलेली पितळी पाटी लागायची होती. मास्तरांची मुलगी संध्याकाळी ती न्यायला येणार होती आणि नवरोबांनी नेमका आदल्याच दिवशी कोरायचं मशीन चालवणारा दुकानातला कॉम्प्युटर बदलला होता!

"अहो, जुना चालत होता की!"

"चालत होता? रांगत होता! भंगारात दे म्हटलं ना तुला?"

पण कोरायचा प्रोग्रॅम पडला बत्तीस बिटांचा, म्हणजे जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेला. नवा कॉम्प्युटर चौसष्ट बिटांचा. नवरोबा हसले. "लिनक्स सिस्टीम आहे यात! दोन्ही घराणी एका छताखाली नांदतात. फक्त परवानगी द्यायची."

दिली. जुना प्रोग्रॅम आला तो सगळा गोतावळा घेऊनच! त्याला लागणाऱ्या एका जुन्या पॅकेजचा, म्हणजे मदतनीस फायलींच्या गाठोड्याचा, नवा जुळा भाऊ घरात आधीच होता. आणि नियम असा, की जुळ्यांची आवृत्ती सारखीच हवी, अगदी शेवटच्या टिंबापर्यंत. जुना भाऊ एका आवृत्तीने मागे, आणि तो काही केल्या पुढे येईना.

"मग नव्यालाच मागे नेऊ," नवरोबा म्हणाले. आता त्या नव्याच्याच खांद्यावर पडद्यावरचं सगळं उभं होतं! कॉम्प्युटर बिचारा प्रामाणिक. काय काय काढून टाकावं लागेल, ते त्याने सगळं दाखवलं.

"अहो, वाचा तरी!"

"अगं, मशीनं अशीच बडबडतात."

मग कॉम्प्युटरने शेवटचं विचारलं. खरंच पुढे जायचं असेल तर एक अख्खं वाक्य टाइप करा. मराठीत सांगायचं तर, 'होय, मी सांगतो तसंच कर!'

नवरोबांचा ऊर भरून आला. लग्न झाल्यापासून हे वाक्य कितीदा ओठांवर आलं होतं आणि तिथूनच परत गेलं होतं! त्यांनी ते सावकाश, उद्गारचिन्हासकट टाइप केलं.

कॉम्प्युटरने ऐकलं. शब्दशः ऐकलं! चित्रं गेली, खिडक्या गेल्या, माउसचा बाणसुद्धा गेला. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत राहिली.

बायको ओरडली नाही. कोरी पाटी मांडीवर घेऊन ती स्टुलावर बसली. "मास्तरांचं एवढं एकच काम होतं हो," ती म्हणाली. नवरोबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, टेबलाखाली वाकली आणि खोक्यांमागून जुना कॉम्प्युटर ओढून काढला.

"हा... हा भंगारात द्यायला सांगितला होता ना मी?"

"सांगितला होतात. मी ऐकलं नाही."

जुना कॉम्प्युटर घरघरत उठला. मशीनची सुई पितळेवर टेकली आणि मास्तरांची सही, शेवटच्या झोकदार फटकाऱ्यासकट, उमटू लागली. घरात आपलं कुणी ऐकत नाही, याबद्दल नवरोबांनी जन्मात पहिल्यांदाच देवाचे आभार मानले.

"अहो," बायको मान वर न करता म्हणाली, "मग आता तो नवा देऊ का भंगारात? तुम्ही सांगाल तसंच करते!"