कदमजी आणि मिरजेचं घड्याळ

कदमजींना वेळ विचारू नये. इंदूरजवळच्या राऊला राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात मी फाटकाशी उभ्या असलेल्या या शेजाऱ्यांना ती विचारली आणि कॉलेजातला माझा पहिला तास बुडाला. आधी त्यांनी मनगट माझ्या नाकासमोर धरलं. मग घड्याळ कोणत्या देशाचं, बनवणारा कोण, त्याच्या हाताखाली माणसं किती (एकही नाही), तबकडीचा निळा रंग त्याला कितव्या प्रयत्नात जमला, हे सगळं झालं. वेळ शेवटपर्यंत सांगितलीच नाही. "आज तिसराच दिवस आहे, मॅडमजी. एकवीस दिवस झाल्याशिवाय याचा टाइम मी ऑफिशियली कोणाला देत नाही."

कदमजी पक्के इंदुरी मराठी. पूर्वज होळकरांच्या पागेत होते असं ते सांगतात, आणि कोणी शंका घेतली तर घोड्याचं नावही सांगतात. स्वतः मात्र त्यांनी विजेचे मीटर तपासण्यात उभी हयात घालवली. निवृत्त झाल्यावर मीटर सुटले, तपासायची खोड काही सुटली नाही. म्हणून आता ते घड्याळं तपासतात. घरच्या माडीवर नाहीतर गॅरेजात एकटदुकट बसून घड्याळं जुळवणारे लोक इंटरनेटवर हुडकायचे, त्यांच्याकडून एक घड्याळ मागवायचं, एकवीस दिवस वापरून परत पाठवायचं आणि मोबाइलवर व्हिडिओ करून निकाल सांगायचा. मोबाइल धरायला मी. हे काम माझ्या गळ्यात कसं पडलं ते मला आजही कळलेलं नाही.

मोठ्या कंपन्यांना त्यांच्याकडे मज्जाव. "बडी कंपनी बिघडली तर चूक कोणाची, हे कधी सापडतच नाही. छोटा बनवणारा स्वतः फोन उचलतो. शिव्या द्यायला माणूस तर पाहिजे ना भिया!" पण शिव्या द्यायच्या नुसत्या गप्पा. प्रागमधल्या एका दाढीवाल्या घड्याळजीला ते सगळं इंग्रजीत लिहितात, फक्त मायना 'डिअर भिया' असतो; भिया म्हणजे इंदुरी भाऊ. तोही बिचारा आता 'डिअर भिया' असंच उत्तर पाठवतो.

त्यांच्या चाचण्या कुठल्या पुस्तकात सापडायच्या नाहीत. जिलबीच्या पाकाने चिकट झालेल्या बोटांनी चावी फिरते का, ही पहिली. स्कूटरवरून राऊ ते मल्हारगंज, वाटेतला एकही खड्डा न चुकवता, ही दुसरी. काटे अंधारात चमकतात का, हे पाहायला ते भर मे महिन्यात दुपारी रजईत शिरतात. "लग्नात मला वाटलं होतं, माणूस सीधा आहे," काकू म्हणजे त्यांच्या पत्नी म्हणतात, आणि रजईतून बाहेर आलेल्या घामाघूम नवऱ्याला पंचा देतात.

निकाल तीनच: 'गजब', 'चल जाएगी' आणि 'रेन दो', म्हणजे राहूच द्या. दिलेला निकाल फिरत नाही. तपासलेल्या मीटरचं सील कोणी पुन्हा उघडतं का, असं त्यांचं म्हणणं.

आता चूक माझी, हे कबूल करते. मिरजेची ऋतुजा ही माझ्या मावसबहिणीची मैत्रीण. चांगली नोकरी सोडून ती घरच्या माडीवर घड्याळं जुळवायला लागली. पहिली पंचवीस तयार झाली होती. ती खपली तर पुढची करायची, नाही तर मुकाट्याने पुन्हा नोकरी धरायची, असं घरच्यांशी ठरलं होतं. कदमजींचे प्रेक्षक मूठभर, पण असली घड्याळं विकत घेणारे तेच. म्हणून मीच मध्ये पडून तिचं घड्याळ त्यांच्याकडे आणवलं. मोठी शहाणी!

पहिले दोन दिवस कदमजी खूश होते. तबकडीवरचे मराठी आकडे काकूंनाही दाखवून झाले. तिसऱ्या दिवशी घड्याळ पुढे जाऊ लागलं. दहाव्या दिवशी ते रोज आठ मिनिटं पळत होतं.

"मशीन दौड़ री है," कदमजी गंभीरपणे म्हणाले.

"पोरीचं पहिलंच आहे हो. जरा सांभाळून बोला."

"मॅडमजी, मीटर ओळखीच्या घरचा असला तरी मीटरच असतो."

एकविसाव्या दिवशी त्यांनी मोबाइलसमोर सांगितलं, "दिसायला गजब, चालायला रेन दो." मोबाइल मीच धरला होता.

दोन दिवसांनी ऋतुजाचा फोन आला. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. "ताई, माझ्या टेबलावर महिनाभर बरोबर चाललं होतं गं," एवढंच म्हणाली. घड्याळ राखून ठेवा म्हणणाऱ्या अकरा जणांनी नको म्हणून कळवलं होतं.

मी हट्टाने कदमजींना मल्हारगंजात इक्बालभाईंकडे नेलं. पानाच्या टपरीएवढं दुकान, पण अर्ध्या शहराची घड्याळं तिथे बरी होतात. इक्बालभाईंनी घड्याळाशेजारी एक होकायंत्र ठेवलं. सुई वेड्यासारखी हलली. "कदमजी, इसमें चुंबक बैठ गया है. इसीलिए भाग री है. किधर रखते हो इसको?" एका छोट्या यंत्रावर धरून त्यांनी ते क्षणात उतरवलं, आणि घड्याळ सुतासारखं सरळ चालू लागलं. दुसऱ्या दिवशी, घरी आल्यावर, पुन्हा पळालं.

म्हणजे चुंबक घरातच होतं. कदमजींनी हे स्वतःच्या घराण्यावर घेतलं. इक्बालभाईंचं होकायंत्र उसनं आणून आम्ही झडती सुरू केली. फ्रिज, मिक्सर, देव्हारा, रेडिओ. कदमजी होकायंत्र तळहातावर घेऊन आरतीच्या तबकासारखं पुढे, मी मागे. बैठकीत काकू स्टुलावर पाय ठेवून सिरीयल बघत होत्या. सुई थरथरली, वळली आणि काकूंकडे तोंड करून उभी राहिली.

"असं काय बघता माझ्याकडे?" काकू म्हणाल्या. "मी काय उत्तर ध्रुव आहे?"

काकूंच्या गुडघ्याला पट्टा होता. ऋतुजाचं घड्याळ आलं त्याच आठवड्यात त्या न्हाणीघरात घसरल्या, तेव्हा इथल्या लालबागच्या मेळ्यातून आणलेला, आत चुंबकं शिवलेला पट्टा.

"पण घड्याळ तर माझ्या हातात असतं!" कदमजी म्हणाले.

"आणि हात रोज सात ते नऊ कुठे असतो, तेही सांगा ना मॅडमना."

कदमजी कानापर्यंत लाल झाले. मी त्यांना शेकडो चाचण्यांत पाहिलंय, पण असं कधीच पाहिलं नव्हतं. हल्ली सात ते नऊ त्यांचा फोन बंद असतो. 'टेस्टिंग टाइम' म्हणून सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे.

निकाल फिरवायला ते तयार झाले. अडलं कारणावर. "घरात कुठेतरी चुंबक निघालं, एवढंच बोलू?"

"लोक विचारतील कुठे," मी म्हटलं. "अर्धवट सांगितलंत तर ओळखीपोटी निकाल फिरवला म्हणतील. पोरीला पुन्हा नोकरी धरावी लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसले आणि मला मोबाइल धरायला सांगितलं. "राम राम. घड्याळ गजब आहे. चूक माझी. मी रोज सायंकाळी दोन घंटे बायकोच्या गुडघ्यावर हात ठेवून बसतो. तिच्या पट्ट्यात चुंबक आहे. बस. यापुढे मी घड्याळ काढून बसेन." आणि घाईघाईने, "व्हिडिओ बंद करा, मॅडमजी."

अकरातले नऊ परत आले, आणि बरेच नवेही. महिन्याभरात पंचवीसच्या पंचवीस घड्याळं गेली. ऋतुजाने पुढची करायला घेतली आहेत. प्रागच्या दाढीवाल्याने लिहिलं, 'डिअर भिया, गुडघा कसा आहे?' कदमजींनी ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं.

परवा त्यांच्याकडे गेले होते. कदमजी आत चहा करत होते. मी काकूंना म्हटलं, "एवढं रामायण झालं, पण तुमचा गुडघा बरा झाला ना? पट्ट्याने फरक पडला म्हणायचा."

काकूंनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "काही फरक नाही, बेटा. पहिल्या हफ्त्यातच कळलं, सगळं फालतू आहे. दुखणं तर डॉक्टरच्या गोळीने गेलं."

"मग अजून बांधता कशाला?"

"सोबत एक कागद आला होता. रोज दोन घंटे घरच्या माणसाने हाताने दाबून धरावा, असं त्यात लिहिलंय. यांचं लिहिल्याप्रमाणे चालतं ना सगळं." त्यांनी पदर गुडघ्यावर नीट ओढून घेतला. "चाळीस साल झाले लग्नाला. आधी मीटर, मग घड्याळ. माझ्याजवळ हा माणूस दहा मिनिटं बसला नव्हता गं कधी. आता तूच सांग, काढू पट्टा?"

आतून कपांचा आवाज जवळ येत होता.

"नका काढू," मी म्हटलं.