चोरीला गेलेला गंज

"लिही," भावोजी म्हणाले. "ज्याचं नुसतं नाव ऐकून गुन्हेगार कबुलीजबाब द्यायला रांग लावतात, ज्याच्या नजरेतून मुंगीच्या पायातला काटाही सुटत नाही, ज्याच्या मेंदूला रविवारचीसुद्धा सुट्टी नसते, असा या महानगरातला एकमेव गुप्तहेर..."

"एकमेव, की पहिला?" मी विचारलं.

"एकमेव. पहिला म्हटलं की लोक दुसरा कुठे आहे ते विचारतात."

मी लिहिलं. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि मी त्यांचा मदतनीस. हे पद मला गुणवत्तेवर मिळालेलं नाही, ताईच्या लग्नाबरोबर आलं. भावोजींचं खरं म्हणजे चष्म्यांचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या भागात एक पडदा, पडद्यामागे दोन खुर्च्या, आणि तिथे त्यांचं गुप्तहेर कार्यालय. ते इतकं गुप्त आहे, की सुरू झाल्यापासून तिथे कोणी आलेलं नाही. मुंगीच्या पायातला काटा पाहणाऱ्या भावोजींना जवळचं दिसत नाही ही गोष्ट वेगळी. चष्म्याने चेहऱ्याचा दरारा जातो, म्हणून ते दिवसभर दुसऱ्यांना चष्मे लावतात आणि स्वतः लावत नाहीत.

तेवढ्यात दुकानात एक तरुण आला. "आईचा चष्मा झाला का?"

भावोजींनी त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "तुम्ही चिंतेत आहात."

"हो. चष्मा परवाच मिळणार होता."

"त्याहून मोठ्या चिंतेत."

तरुण खुर्चीवर मटकन बसला. "तुम्हाला कसं कळलं? माझा गंज चोरीला जातोय हो."

भावोजींनी पडदा बाजूला सारला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच गिऱ्हाइकासाठी सरकला, त्यामुळे आम्हा तिघांनाही शिंका आल्या.

हकिकत अशी होती. जुन्या कारखान्यांच्या वस्तीत हल्ली सगळं शहर फिरायला जातं. तिथल्या खिळ्यांच्या बंद कारखान्यात या तरुणाने कॅफे काढला होता. मधोमध खिळे पाडायचं जुनं यंत्र ठेवलं होतं, आणि त्या यंत्राचा गंज हीच कॅफेची शान होती. तो गंज थोडा थोडा नाहीसा होत होता.

"कोणावर संशय?" भावोजींनी विचारलं.

तरुण ओशाळला. "आईवर. ती रोज मदतीला येते. तिला धूळ दिसली की राहवत नाही. सोमवारी मी तिला सरळ विचारलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. बॅग भरून ठेवलीये. शनिवारच्या बसने थोरल्या भावाकडे जाणार, कायमची."

"मग माफी मागा," मी म्हणालो.

"तिने केलं नसेल तर मागतो की! पण केलं असेल तर तिने मागायला नको का?" मग आवाज उतरला. "ती गेली तर मला घर खायला उठेल. तुम्ही दुसरं कोणीतरी शोधा हो. कोणीही चालेल."

घराण्यात हट्ट बराच मुरलेला होता. भावोजी उठले, दुकानातलं मोठं भिंग घेतलं, आणि त्याला लटकणारी किमतीची चिठ्ठी तशीच ठेवून निघाले.

त्या वस्तीत मी पहिल्यांदाच गेलो. पूर्वी इथून लोक काम संपलं की पळत सुटायचे म्हणतात, आता सुट्टी घेऊन येतात. चिमणीतून धूर येत नव्हता, तिला बारीक दिव्यांच्या माळा घातल्या होत्या. बॉयलरच्या खोलीत लोकांना श्वास घ्यायला शिकवत होते. एका प्रचंड गोदामात फक्त एक शर्ट टांगलेला होता, विकायला की वाळायला ते कळेना. मालाच्या वजनकाट्यावर उभं राहून मुली फोटो काढत होत्या आणि काट्याकडे कोणी चुकूनही बघत नव्हतं. एका लोखंडी दारावर 'धोका! आत येऊ नये' अशी पाटी होती आणि आत शिरायला रांग लागली होती.

"सावध राहा," भावोजी पुटपुटले. "इथे काहीही जसं दिसतं तसं नाही." हे मात्र त्यांचं अगदी बरोबर होतं.

यंत्र हत्तीएवढं होतं. खाली गुडघ्याच्या उंचीला एक रुंद सपाट कठडा, वर सरळ उभी लोखंडी पाठ, आणि समोर मोठी खिडकी. उजेड असा सुरेख पडायचा, की जो येई तो तिथे जाऊन फोटो काढी.

"हा गंज साधा नाही," कॅफेवाला म्हणाला. "खास माणूस बोलावून चढवून घेतलाय."

"म्हणजे यंत्र घेतलं तेव्हा चांगलं होतं?"

"अगदी चालू होतं. मोठ्या मुश्किलीने बंद पाडलं."

भावोजी गुडघ्यांवर बसले. कठड्यावरचा गंज दोन ठिकाणी गेला होता. शेजारी शेजारी दोन गोल, चांगले मोठे, आतून लोखंड चकाकत होतं. त्यांच्या वर, उभ्या भागावर एक रुंद पट्टा, तोही चकचकीत. भावोजींनी भिंग लावलं, मोजलं, वास घेतला, आणि एका गोलाला जीभही लावून पाहिली.

"दोन चंद्र," ते गंभीरपणे म्हणाले. "ही टोळीची खूण आहे. परदेशी टोळी. गंज खरवडून नेतात आणि जाताना आपली निशाणी सोडतात."

"गंज नेऊन करतात काय?"

"तेच तर टोळीला विचारायचंय."

कॅफेवाल्याची आई पलीकडच्या टेबलावर नॅपकिनांच्या घड्या घालत होती. कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ. भावोजींनी तिच्याकडे मोर्चा वळवला. "आई, तुम्ही यंत्र पुसलंत का?"

तिने हातातली घडी खाली ठेवली. "मी पुसलं असतं तर असं पुसलं असतं? मधेच दोन ठिपके आणि भोवती सगळी घाण तशीच? पुसायला घेतलं तर मी पायापासून टोकापर्यंत पुसते, मागूनसुद्धा. मला चोर म्हणा हवं तर. पण अर्धवट काम करणारी म्हणू नका. पोटच्या पोराने म्हटलं, तेच अजून गिळता येत नाहीये."

मला तिचं म्हणणं तंतोतंत पटलं. भावोजींना मी तसं सांगितलंही. ते म्हणाले, "तू भोळा आहेस," आणि समोरच्या गल्लीत निघाले.

समोरच्या गल्लीत एक चित्रकार राहत होता. तो गंजाने चित्रं काढतो असं कॅफेतल्या कॉफी करणाऱ्या मुलीकडून कळलं होतं. भावोजींनी दार ढकललं आणि त्याच्यावर बोट रोखलं. "तुमच्या हाताला गंज आहे!"

"दाढीलाही आहे," चित्रकार म्हणाला. "माझं कामच ते."

"आणि हा गंज आला कुठून?"

त्याने खिडकीतली बरणी दाखवली. आत खिळे बुडवून ठेवले होते. "घरीच लावतो. त्या कॅफेवाल्याचा घेऊन काय करू? त्याच्या गंजात निम्मा रंग आहे. मी तिथे फक्त कॉफी प्यायला आणि त्या यंत्रापाशी टेकायला जातो."

बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, "फार सरळ उत्तरं देत होता. संशयास्पद आहे." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्रकाराला सोडून दिलं आणि पाळत ठेवायचं ठरवलं. वेश बदलायचा होता. इथल्या लोकांत मिसळायला हवं म्हणून ताईने लग्नाच्या वाढदिवसाला घेतलेली पांढरीशुभ्र पँट त्यांनी चढवली.

"गुन्ह्याच्या जागेवरून हलायचं नाही," असं म्हणून ते थेट यंत्राच्या कठड्यावरच बसले, पाठ टेकून, समोर वर्तमानपत्र धरून. मी शेजारच्या टेबलावर. मधेच कोणी म्हणे, "काका, जरा सरकता? फोटो काढायचाय." भावोजी सरकत. मंडळी बसत, हसत, उठून जात. मग भावोजी पुन्हा जागेवर. गुरुवार असा गेला, शुक्रवारही गेला.

शुक्रवारी संध्याकाळी ते उठले, वळले आणि जागीच थिजले. दोन्ही चंद्र आणखी मोठे झाले होते.

"माझ्या देखत!" ते ओरडले. "माझ्या नाकाखालून!"

नाकाखालून म्हणायला मला जरा जड गेलं, पण नेमकं काय खटकतंय ते काही सुचेना. मीही शेवटी त्यांचाच मदतनीस.

भावोजींनी विचार केला. दोन दिवसांत हातात फडकं घेऊन यंत्राजवळून एकच व्यक्ती गेली होती. "आईच," ते म्हणाले. "अर्धवट पुसलं, ते संशय येऊ नये म्हणून. भलतीच हुशार बाई आहे."

"अहो, पण ती घर सोडून चाललीये! तुम्ही असं बोललात तर ती परत येणार नाही."

"मलाही वाईट वाटतंय रे," भावोजी म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं. "पण सत्यापुढे कोणाची आई, कोणाची मावशी?"

शनिवारी दुपारी त्यांनी सगळ्यांना कॅफेत जमवलं. कॅफेवाला रात्रभर झोपला नसावा. तो यंत्राला पाठ टेकून उभा होता. आई खुर्चीच्या टोकावर बसली होती, पायाशी बॅग, नजर दाराकडे. चित्रकार फुकट करमणूक म्हणून आला होता. भावोजी आज नेहमीच्या काळ्या पँटमध्ये होते, त्यामुळे त्यांना अंगात बळ आल्यासारखं वाटत होतं.

"मित्रहो," त्यांनी सुरुवात केली, "गुन्हेगार याच खोलीत आहे."

आईने बॅगेचा पट्टा हातात घेतला. कॅफेवाल्याने डोळे मिटून घेतले. माझा जीव टांगणीला लागला.

"अशी व्यक्ती, जिच्यावर प्रेम करावं, पण जिच्या हाती फडकं देऊ नये, अशी..."

"सापडलात!" दारातून आवाज आला.

माझी ताई होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात ती पांढरी पँट. भर कॅफेत तिने ती पँट झेंड्यासारखी फडकावली.

"दुकानात गेले, तर तिथे कुलूप. तुम्ही म्हणे इथे. दोनदा साबण लावून घासली, डाग निघत नाही. खरं सांगा, बसला होतात कुठे?"

पँटच्या मागच्या बाजूला, शेजारी शेजारी, दोन गोल तपकिरी डाग होते.

कॉफीचं यंत्र तेवढं फुसफुसत होतं. मग कॉफी करणाऱ्या मुलीने चित्रकाराला खांद्याला धरून उलटं फिरवलं. त्याच्याही मागे दोन गोल. खिडकीजवळच्या जोडप्याने एकमेकांना तपासलं. बघता बघता सगळा कॅफे उभा राहिला आणि जो तो मान वळवून स्वतःची मागची बाजू बघायला लागला. त्या वस्तीतले कपडे असे असतात, की आजवर कोणाला तो डाग वाटलाच नव्हता.

ताई यंत्रापाशी गेली. तिने पँट कठड्याला लावून धरली. डागाला चंद्र, चंद्राला डाग, बरोबर बसले.

"काखेत कळसा म्हणतात ते ऐकून होते," ती भावोजींना म्हणाली. "तुमचा तर त्याहून बराच खाली निघाला."

भावोजींनी खाकरून घसा साफ केला. "मी तेच सांगणार होतो."

"तुम्ही बसा," ताई म्हणाली. "इथे नको. खुर्चीवर बसा."

इकडे कॅफेवाला आईसमोर येऊन उभा राहिला होता. सोमवारपासून दोघांच्या तोंडाला कुलूप होतं, आता उघडायचं कोणी हा प्रश्न होता.

"आई."

"काय?"

"चुकलं."

"कोणाचं?"

"माझं. माझं चुकलं. तू असं अर्धवट पुसणार नाहीस, हे मला कळायला हवं होतं." त्याने बॅगेकडे पाहिलं. "जाऊ नकोस ना."

आई बॅग घेऊन उठली. दाराकडे दोन पावलं गेली, आणि मला वाटलं, संपलं. भावोजींनीसुद्धा मान खाली घातली. मग ती थांबली आणि वळून मुलाकडे बघत राहिली.

"फिर बघू मागे," ती म्हणाली.

तो फिरला. फिक्या निळ्या शर्टाची अख्खी पाठ, मानेपासून कमरेपर्यंत, तपकिरी झाली होती.

"हा शर्ट घालून मला बसवर सोडायला येणार होतास?" तिने बॅग खाली ठेवली, टेबलावरचा नॅपकिन उचलला आणि त्याची पाठ झटकायला लागली. डाग काही हलत नव्हता, तरी ती झटकत राहिली, आणि तो लहान मुलासारखा मान खाली घालून उभा राहिला. "काढ तो. आत्ताच भिजत घातला तर निघेल. उद्या नाही निघायचा."

"म्हणजे तू जात नाहीस?"

"शर्ट भिजत टाकून कोणी गावाला जातं का?"

मग त्या दुपारी शहरातल्या सगळ्यात नावाजलेल्या कॅफेचा मालक नुसत्या बनियनवर गल्ल्यावर बसला होता आणि कारण नसताना हसत होता. मागच्या मोरीतून घासण्याचा दणदणीत आवाज येत होता. गिऱ्हाइकांना वाटलं, हीच इथली नवी तऱ्हा. रविवारी त्यांतले दोघं बनियन घालूनच कॉफीला आले.