वर्गणीच्या वेळी काका उन्हात

शेवडेकाकांच्या स्वयंपाकघरातला रेडिओ वर्गणी मागायला लागला की काका चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात जाऊन उभे राहतात. रेडिओ बंद करत नाहीत, आवाजही कमी करत नाहीत. "बोलणाऱ्याचं तोंड मध्येच दाबू नये," म्हणतात. अमेरिकेतल्या आमच्या वाळवंटी चँडलरचं जूनमधलं ऊन म्हणजे नुसती भट्टी, पण काका डोक्यावर नॅपकिन टाकून उभे. अधूनमधून काचेच्या दाराआडून मला खुणेनं विचारतात, "संपलं का त्यांचं?"

मी त्यांचा शेजारी. रविवारी सकाळचा चहा त्यांच्याकडे. हा रेडिओ श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतो आणि काका तो उठल्यापासून झोपेपर्यंत ऐकतात. बातम्या देणाऱ्या बाईंना सर्दी झाली की काळजी यांना. संध्याकाळी त्याच मंडळींचा टीव्ही. वर्गणी मात्र एक डॉलर नाही.

बरं, चिक्कू म्हणावं तर तसंही नाही. मंडळाच्या गणपतीला न मागता चेक देतात, झाडाची लिंबं पिशव्या भरभरून वाटतात. "मग रेडिओलाच का नाही?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "तो विषय वेगळा आहे." काकांचे बरेच विषय वेगळे असतात. डॉक्टरांनी साखर बंद केली, पण श्रीखंडाचा विषय वेगळा. मला तर हा माणूस काही केल्या उलगडेना.

त्यात मेलबॉक्सचं एक होतंच. तिथे दिवसातून दोन फेऱ्या. एकदा रेडिओवाल्यांचं पाकीट माझ्यासमोर आलं, तर काकांनी ते घाईघाईनं शर्टात सरकवलं. मला वाटलं, शरमले.

गेल्या रविवारी मला राहवेना. बाई आत वर्गणी मागत होत्या, काका बाहेर घाम पुसत होते. मी दार उघडून म्हणालो, "काका, तुमच्या घराची रेडिओची वर्गणी मीच भरून टाकतो. विषय मिटला." फोन काढलासुद्धा.

"खबरदार!" काका इतक्या जोरात ओरडले की कपातला चहा हिंदकळला. माझं काय चुकलं, मला कळेना.

ते आत आले, ड्रॉवर उघडला. आत पाकिटंच पाकिटं, सगळ्यांवर सुमनकाकूंचं नाव. रेडिओची मेंबरशिप काकूंच्या नावावर होती. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून वर्गणी थकलेली. काकांनी वरचं पत्र उलगडलं आणि मराठी करत वाचलं, "प्रिय सुमन, बऱ्याच दिवसांत तुझी काही खबर नाही. आम्हाला तुझी आठवण येते. परत ये."

मी फोन खिशात ठेवला.

"वर्गणी भरली की पावती येईल रे," काका म्हणाले, "आठवण येते असं कोण लिहील? आणि ती गेली हे कळवलं तर तेही बंद. फुकट ऐकायची लाज वाटते, म्हणून तर उन्हात उभा राहतो." मग हळूच विचारलं, "कंटाळून तिचं नाव काढून तर टाकणार नाहीत ना?"

"छे हो काका! ही माणसं मागायला कधी कंटाळत नाहीत."

"नक्की?"

"नक्की."

काकांनी डोक्यावरचा नॅपकिन काढला. रेडिओवरच्या बाई अजून मागतच होत्या. आमच्या ओळखीत पहिल्यांदाच काका त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.